आबांना भेटायला जाऊ का?

प्रश्न : मी पाटण तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. वय ५२. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, लालबागला गिरणीत साच्यावर होते. १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आईला, मला आणि धाकट्या भावाला त्यांनी गावी आणून सोडलं. संप मिटला की न्यायला येतो म्हणाले. सुरुवातीला मनीऑर्डर आली, मग तीही थांबली. दोनेक वर्षांनी कळलं की त्यांनी तिकडं दुसरं घर केलंय. आईनं रोजगार हमीवर खडी फोडून आम्हाला वाढवलं. दहावीनंतर माझी शाळा सुटली. माझ्या लग्नपत्रिकेत वडील म्हणून त्यांचंच नाव छापलं होतं आणि एक पत्रिका मुंबईच्या पत्त्यावर टाकली होती. ते आले नाहीत. कन्यादान मामानं केलं. आजी गेली तेव्हा ते स्मशानात लांब उभे राहिले आणि न बोलता निघून गेले. त्यानंतर गाठ नाही.

आता आत्याचा फोन आला. आबांना तोंडाचा कॅन्सर आहे. गेल्या वर्षी ऑपरेशन झालं, पण तो पुन्हा उलटला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. बोलता येत नाही, नाकात नळी आहे. आत्या म्हणते, “त्यांचा जीव तुझ्यात अडकलाय, तू येऊन माफ केल्याशिवाय सुटका नाही. उद्या पिंडाला कावळा शिवला नाही तर?” भाऊ म्हणतो, तू गेलीस तर माझ्या दारात येऊ नकोस. आई काहीच बोलत नाही. मुंबईची एसटी रात्री सव्वानऊला आहे. मी जाऊ का? आणि गेले तर काय बोलू? मनात माफी नसताना “माफ केलं” म्हणू का?

— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं एसटीचं वाक्य मी दोनदा वाचलं. जाऊ का असं विचारायच्या आधीच तुम्ही गाडीची वेळ काढून ठेवली आहे. म्हणून आधी स्पष्ट सांगते. जा, आणि याच आठवड्यात जा. मात्र आत्याबाई म्हणतात त्या कामासाठी जाऊ नका.

भेटणं आणि माफ करणं या दोन गोष्टी आपल्याकडे एकाच गाठोड्यात बांधतात. म्हातारा माणूस अंथरुणाला खिळला की नातेवाईक जमतात आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच सांगतात, आता मोठं मन कर. चाळीस वर्षं तुमच्या आईची चौकशी न केलेली माणसंही यात पुढे असतात. तुम्ही भेटायला जाताय. माफी द्यायची की नाही, कधी द्यायची, कधीच द्यायची नाही, हे सगळं तुमच्याकडे राहू दे. आबा गेल्यानंतर पाच वर्षांनी आतून वाटलं तर तेव्हा द्या. मनात नसताना “माफ केलं” म्हणू नका. माझी सगळी नोकरी कॅन्सरच्या रुग्णांमध्ये गेली, शेवटची कितीतरी वर्षं घरोघर जाऊन ड्रेसिंग करण्यात. मरणाऱ्या माणसाशी चार लोकांच्या दबावाखाली खोटं बोललेल्या मुली मला नंतर भेटल्या आहेत. वडील गेल्याचं दुःख त्यांना होतंच, पण आपला राग आपल्याच तोंडानं रद्द करावा लागला, ही सल जास्त होती.

संपाबद्दल एक सांगते, कारण आत्याबाई तिथं गेल्यावर तोच विषय काढतील. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात होते. तो संप मागे घेतल्याचं शेवटपर्यंत रीतसर जाहीर झालंच नाही. कोकणात, साताऱ्यात, घाटावर हजारो बायका-मुलं गावी पाठवली गेली. मनीऑर्डर का थांबली, याचं उत्तर संपात मिळतं. दुसरं घर का झालं, याचं मिळत नाही. त्याच संपात होरपळलेले कितीतरी पुरुष भाजी विकून, हमाली करून, वॉचमनची नोकरी धरून आपल्या पोरांकडे परतले. “बिचारा, संपानं संपवला” असं कुणी म्हणालं तर वाद घालत बसू नका, पण मनातून खचूही नका. तुमचा हिशेब बरोबर आहे.

आता याच आठवड्यात का, ते सांगते. शेवटचं दुखणं सुरू झालं की माणूस जिवंत असण्याचे दिवस जास्त असतात आणि शुद्धीत, ओळख देण्याच्या स्थितीत असण्याचे दिवस कमी. झोप वाढत जाते. मग भ्रम होतो, माणसं चुकीची ओळखली जातात. त्यातून तोंडाचा आणि मानेचा कॅन्सर असेल तर कधीकधी जखमेतली मोठी रक्तवाहिनी फुटून एकाएकी सगळं संपतं. प्रत्येकाला होतं असं नाही, पण होतं. म्हणून अशा घरात आम्ही उशाशी गडद रंगाचे टॉवेल ठेवायला सांगायचो, लाल किंवा मरून. पांढऱ्या चादरीवर थोडं रक्तही भयंकर दिसतं आणि समोरचे गर्भगळीत होतात. तुम्ही असताना असं झालं तर गडद टॉवेल जखमेवर दाबून धरा, त्यांना कुशीवर वळवा, आणि हात सोडू नका. एवढं माहीत असलेलं बरं. पगार झाल्यावर जाऊ, अंगणवाडीचा अहवाल देऊन जाऊ, असं ठरवू नका.

दारात पाऊल टाकण्याआधी मनाची तयारी करा. तुमच्या डोळ्यांपुढे स्मशानात लांब उभे असलेले आबा असतील. पलंगावर तो चेहरा नसेल. ऑपरेशनमध्ये जबड्याचा भाग काढला असेल तर एक बाजू आत गेलेली असते. लाळ आवरत नाही, ती सतत पुसावी लागते. आणि वास येतो. उघड्या जखमेतल्या जंतूंमुळे येणारा हा वास माणूस कितीही स्वच्छ ठेवला तरी येऊ शकतो. मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड किंवा जेल ड्रेसिंगच्या वेळी जखमेवर लावतात, त्यानं तो बराच कमी होतो. तिथं कुणाला हे माहीत नसेल तर नर्सला किंवा डॉक्टरला विचारायला सांगा. वास येईल हे आधीच ठरवून गेलात तर पदर आपोआप नाकाला जाणार नाही. आजाऱ्याला बोलता येत नसलं तरी तो तेवढंच बघत असतो.

वेळ कुठली, तेही सांगते. सकाळी ड्रेसिंग झाल्यानंतरची. दुखण्यासाठी मॉर्फिन चालू असेल, बहुधा दर चार तासांनी नळीतून देत असतील, तर डोस दिल्यानंतर तासाभरानं भेटा. तेव्हा औषध पूर्ण कामाला लागलेलं असतं आणि माणूस कळेपासून जरा मोकळा असतो. मॉर्फिन नुकतंच सुरू केलं असेल किंवा डोस वाढवला असेल तर पहिले दोन-तीन दिवस गुंगी फार असते, मग ती उतरते. तुम्ही पोचाल त्या दिवशी ते झोपूनच असले तर तोंड फिरवून झोपले असं मानू नका, दुसऱ्या दिवशी परत जा. “मॉर्फिन दिलं म्हणून लवकर गेले” असं त्या घरात कुणी बोललं तरी विश्वास ठेवू नका. नीट मोजून दिलेलं मॉर्फिन वेदना काढतं, आयुष्य काढत नाही.

उशाशी उभ्या राहू नका. स्टूल घ्या आणि जखमेच्या विरुद्ध बाजूला बसा, मान न वळवता त्यांना तुम्ही दिसाल अशा. आपलं नाव सांगा. लहानपणी ते ज्या नावानं हाक मारायचे ते सांगा.

मग बोलायचं काय? तुमच्या मनात “का?” असणार. का सोडलंत? हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे. पण ज्या माणसाची जीभ गेली आहे तो “का”चं उत्तर देऊ शकत नाही. पाटीवर लिहायला दिलंत तरी दोन शब्दांत हात थकतो. मग तुम्ही विचारत राहाल, ते रडत राहतील, आणि मधे दुसरंच कुणीतरी त्यांच्या वतीनं उत्तरं द्यायला लागेल. ती उत्तरं तुम्हाला नको आहेत. म्हणून असं विचारा, ज्याचं उत्तर हात देऊ शकेल. हो असेल तर माझा हात एकदा दाबा, नाही असेल तर दोनदा.

तुमच्या पत्रात असा एक प्रश्न आहेच. पत्रिका मुंबईच्या पत्त्यावर टाकली होती, असं तुम्ही लिहिलंय. मग विचारा, “आबा, माझ्या लग्नाची पत्रिका तुम्हाला मिळाली होती का?” मिळाली होती असं कळलं तर त्रास होईल. नव्हती असं कळलं तर वेगळा त्रास होईल. पण इतकी वर्षं अर्धवट राहिलेली एक गोष्ट पक्की कळेल, आणि ती स्वतः त्यांच्याकडून कळेल. हा एकच प्रश्न घेऊन गेलात तरी पुरे.

आणि तुमच्या बाजूचं सांगा. भांडण नको, पुराव्यांची यादी नको. तीन-चार वाक्यं घरूनच ठरवून जा, कारण तिथं गेल्यावर सुचत नाही. मी तुमच्या जागी असते तर असं काही म्हणाले असते : “आबा, तुम्ही आला नाहीत. आईनं खडी फोडून आम्हाला वाढवलं. मला पुढं शिकायचं होतं, जमलं नाही. हे मी विसरलेले नाही. तरी तुम्हाला बघावंसं वाटलं म्हणून आले.” यात खोटं काही नाही, आणि शिक्षाही नाही. काही लोकांना वाटेल, मरणाऱ्या माणसाला असं बोलतात का? माझं मत विचाराल तर बोलावं. आपण काय केलंय हे त्यांना ठाऊक आहे. सगळे जण भोवती बसून “सगळं छान झालं” म्हणत असताना एकानं येऊन खरं बोलावं, यात त्यांचा मानच आहे.

ते हात जोडतील, असं मला वाटतं. बोलता न येणारी माणसं हात जोडतात. त्या वेळी आपल्या तोंडून सवयीनं जातं, “अहो, असं काय करताय, असू दे.” तेवढं आवरा. असू दे असं नसेल तर म्हणू नका. जोडलेले हात आपल्या हातात धरा, किंवा नुसतं बघा आणि मान हलवा. त्यांना जे करायचं होतं ते त्यांनी केलं, तुम्हाला ते पोचलं. तेवढ्यानं पुरतं.

आणि हात जोडले नाहीत तर? याचाही विचार करून जा. एका घरी मी ड्रेसिंग करत असताना बऱ्याच वर्षांनी मुलगी आली होती. बाप बोलू शकत होता. त्यानं तिला एवढंच विचारलं, “तिकडं पाऊस झाला का?” दुसरं काही नाही. ती जिन्यात येऊन माझ्याजवळ संतापानं रडली. त्या प्रश्नातच त्याची माफी होती, असं मी तिला सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. कदाचित त्याला खरंच पाऊसच विचारायचा होता. जन्मभर ज्यानं कधी कबुली दिली नाही, तो शेवटच्या आठवड्यात देईलच याची खात्री नाही. आजारानं शरीर खंगतं, स्वभाव बहुतेक वेळा तसाच राहतो. त्यांनी काही दिलं तर घ्या, पण फक्त त्यासाठी प्रवास करू नका.

त्या घरातली बाई. तिच्याशी कसं वागायचं हे तुम्ही विचारलं नाही, पण दार तीच उघडेल. गेलं वर्षभर तो वास, ती लाळ, नळीतून दर दोन-तीन तासांनी पातळ पेज घालणं, हे तिनं केलंय. त्यावरून तुमच्या आईचं दुःख कमी होत नाही. तिला आई म्हणायची गरज नाही, मावशीही म्हणू नका वाटलं तर. “तुम्ही” म्हणा आणि पाणी दिलं तर प्या. जमलं तर तिला विचारा, रात्री झोप मिळते का. बहुतेक अशा घरात कुणी विचारलेलं नसतं. मुंबईतल्या टाटा मेमोरिअल या कॅन्सर रुग्णालयाचं पॅलिएटिव्ह केअर खातं, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करण्याचं काम बघणारं, आपल्या रुग्णांना घरी येऊन सेवा देतं. घरी अजिबातच निभत नसेल तर वांद्र्याचं शांती आवेदना सदन आहे, १९८६ पासून शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांना तिथं विनामूल्य ठेवतात. हे त्यांच्या कानावर घालून ठेवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. तुम्ही आलात की कुणीतरी म्हणणारच, खोलीसाठी आली, म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या घरासाठी आली. हिंदू कायद्यानं पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न ग्राह्य नाही, पण त्या लग्नाच्या मुलांना वडिलांच्या मालमत्तेत हक्क आहे. मृत्युपत्र नसेल तर तुम्हाला, भावाला आणि तुमच्या आईलाही आहे. त्या खोलीत यावर एक शब्द बोलू नका. आणि कुणी हक्कसोडपत्र किंवा दुसरा कुठलाही कागद पुढे केला, अगदी रडत केला, तरी तिथं सही करू नका. “घरी जाऊन वाचते” म्हणा.

भावाला जाण्याआधी सांगा. परवानगी मागू नका आणि चोरूनही जाऊ नका. त्याला न्यायचा प्रयत्न तर मुळीच करू नका. तो तेव्हा फारच लहान असेल, त्याच्या वाट्याला आबांची आठवण सुद्धा आली नसेल. त्याचा नकारही तुमच्या जाण्याइतकाच खरा आहे. आज तो दारात येऊ नको म्हणतोय ते रागानं. राखीपौर्णिमेला तुम्ही जा, मला वाटतं दार उघडेल. आईला एकदाच विचारा, तुला काही निरोप द्यायचाय का. ती गप्प राहिली तर तो तिचा निरोप समजा आणि पुन्हा विचारू नका.

राहिला कावळा. माझाही जन्म याच मातीतला, दहाव्याला घाटावर सगळे आभाळाकडे बघत बसतात आणि “तुमच्या पोरांचं आम्ही बघू” असं म्हणून बघतात, ते मी पाहिलंय. त्या श्रद्धेला मी नावं ठेवणार नाही. पण ताई, त्या क्षणी शब्द मागे राहिलेल्यांनी गेलेल्याला द्यायचा असतो. तुमच्या बाबतीत शब्द त्यांनी दिला होता, न्यायला येतो म्हणून. कावळा शिवो न शिवो, त्याचा जाब तुमच्याकडे कुणी मागू शकत नाही. आणि जीव अडकण्याचं म्हणाल तर हृदय चालतं तोवर माणूस असतो. मुलीची वाट न बघता गेलेले आणि मुलगी येऊन गेल्यावर पंधरा दिवस जगलेले, दोन्ही मी पाहिलेत.

एक खबरदारी. शेवटचं पाणी म्हणून कुणी तुमच्या हातात गंगाजळाचा चमचा देईल. गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी ओतलं की ते श्वासनळीत जातं, घुसमट होते. कापूस ओला करून ओठांवर फिरवा, तुळशीचं पान ओठाला लावा. विधी होतो आणि त्रासही होत नाही.

रात्री त्या घरी राहू नका, आत्याकडे उतरा. सोबत नवरा किंवा मैत्रीण असू दे, जी खाली रिक्षा थांबवून ठेवेल. पंधरा मिनिटांत नको झालं तर उठून या, भेट झालीच. गावी परतल्यावर लगेच अंगणवाडीत हजर होऊ नका, एक दिवस हातात ठेवा.

आणि हे सगळं वाचून पाय उचलला नाही, तर जाऊ नका. तुमच्या आबांनी तुम्हाला टाकलं, मारहाण किंवा त्याहून वाईट काही केल्याचं पत्रात नाही, म्हणून मी जा म्हटलं. ज्यांच्या बापानं अंगावर हात टाकला त्या मुलींना मी हे कधीच सांगणार नाही.

प्रश्न : मी मस्कतला नोकरी करतो. जमिनीच्या वाटणीवरून सहा वर्षं आईशी बोलणं नव्हतं. आता कुडाळला ती बेशुद्ध आहे. तिकीट परवाचं मिळालंय. तोवर बहिणीच्या फोनवरून बोललो तर तिला ऐकू जाईल का?

उत्तर : ऐकू जाण्याची शक्यता आहे, म्हणून आजच बोला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शेवटच्या तासांत प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचा मेंदूही आवाजाची नोंद घेत असल्याचं त्यात दिसलं. ऐकलेलं त्यांना समजतं का, हे त्यातून सिद्ध झालेलं नाही. पण बोलण्यानं नुकसान तर काहीच नाही.

बहिणीला सांगा, खोलीतला टीव्ही आणि बाकीच्यांचं बोलणं बंद कर, फोन स्पीकरवर टाकून उशीवर आईच्या कानाजवळ ठेव. कॅमेरा नको, तिचा चेहरा बघून तुमचा आवाज फुटेल. आधी तिनं ठेवलेलं तुमचं घरातलं नाव सांगा. जमिनीचं “ते राहू दे आई, मी बहिणीशी बोलून मिटवतो” एवढंच, आणि तेही खरंच मिटवणार असाल तरच. नाहीतर तो विषय सोडा आणि तुम्ही मालवणीत एरवी तिच्याशी जे बोलायचात ते बोला. तिकीट परवाचं आहे म्हणून फोन परवापर्यंत थांबवू नका.